पिवळ्या दोऱ्याच्या पुड्या

माझी सून ज्योत्स्ना गेली त्याला आता सहा आठवडे होत आले. दिनेशचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि मी मागच्या दारी बोंबील साफ करत बसले होते. दिनेश माझा मुलगा, तिचा नवरा. मुंबईच्या इस्पितळात तिच्यापाशी तोच होता. म्हणाला, "आई, ज्योत्स्ना गेली." मी बरं म्हटलं. फोन बाजूला ठेवला, राहिलेले बोंबील साफ केले, हात धुतले आणि मग शेजारी जाऊन सांगितलं. पोटातला आजार होता, आठ महिने चालला, डॉक्टरांनी कल्पना दिली होती. वय अडतीस. मला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. पुढे जे लिहिणार आहे ते रडत सांगितलं तर लोक मलाच जवळ घेऊन पाठीवर हात फिरवतील, आणि ते मला नको आहे.

आमच्या रेवदंड्यात आठ बायका आहेत. त्या पाच वर्षं सांगत आल्या की काकीच्या, म्हणजे माझ्या, शिकलेल्या सुनेने आमचं हातातलं काम घालवलं. त्यांचं ऐकून गावही तेच म्हणत आलं. ज्योत्स्नाने ते कधी खोडून काढलं नाही. आता ती राहिली नाही, पण बोल तिच्या नावावरून अजून पुरता गेलेला नाही. तो खोटा आहे. खोटा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण ते काम मी घालवलं. तेवढं तिच्या नावावरून पुसायचं आहे, म्हणून हे लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले. शुद्धलेखन कोणी नीट करून दिलं असेल तर ते त्यांचं, मजकूर माझा.

ती डोंगराकडच्या तळा गावची. बाप शेतकरी, समुद्राशी संबंध नाही. मुलगी मात्र मुंबईत राहून संख्याशास्त्र शिकली आणि तिथेच एका कंपनीत लागली. बघायला गेलो तेव्हा मी विचारलं, काम काय करतेस? ती म्हणाली, दोन गट घ्यायचे, एकाला एक वस्तू द्यायची, दुसऱ्याला दुसरी, आणि लोक जे सांगतात त्यात खरा फरक आहे की नुसता योगायोग, ते बघायचं. मला वाटलं, पोरगी चेष्टा करते. लग्नानंतर ती घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची, आठवड्यातून एकदा रेवसला जाऊन लाँच पकडायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरून कचेरीत तोंड दाखवून यायची. एकदा परत आली ती चेहरा पाडून. कंपनीने साबणाचा वास बदलला होता. काही घरांना जुना दिला, काही घरांना नवा. नव्या वासाला थोडे लोक जास्त मिळाले आणि साहेब खूश झाला. हिने सांगितलं, एवढा फरक साबण तोच ठेवला असता तरी पडला असता. साहेबाला ते आवडलं नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. मी तिला म्हटलं, "म्हणजे फरक नाही हे सांगायचा तुला पगार मिळतो? मला विचारलं असतं तर मी फुकट सांगितलं असतं." ती हसली. तेव्हा आमचं बरं होतं. मी फटकळ, ती हट्टी, पण एका घरात दोन बायका राहतात तशा राहत होतो. तिला मूल झालं नाही. त्यावरून मी तिला बोलले आहे, एकदा नाही, अनेकदा. तेही लिहून टाकते.

आता मसाल्याचं. आमच्याकडे कोळणी वर्षाचा मसाला उन्हाळ्यात करतात. मिरच्या वाळवायच्या, धणे, हळकुंड, दगडफूल सगळं भाजायचं आणि उखळात मुसळाने कुटायचं. या कुटण्याला कांडप म्हणतात. एका उखळाला दोघीजणी समोरासमोर, एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं खाली. मी बाराव्या वर्षापासून कांडप केलं. डावा खांदा त्यातच गेला, हात आता डोक्याच्या वर जात नाही. पुढे माझ्याच्याने होईना, तेव्हा मी आठ बायका जमवल्या, पडवीत चार उखळं मांडली आणि मसाला विकायला लागले. हिराबाई त्यातली पुढची, जिभेने आणि मुसळानेही. नवरा बोटीवर होता, पाय मोडून घरी बसला होता, घर हिच्या हातांवर चालायचं. बाकीच्यांचंही थोडंफार तसंच. चार वर्षं चाललं. मग अलिबागकडच्या एका शेठची माणसं येऊन मसाला घेऊन गेली आणि नंतर शेठ स्वतः आला. त्याचा माल हॉटेलांत आणि पर्यटकांच्या दुकानांत जायचा. म्हणाला, मावशी, वर्षभर तुमच्याकडूनच घेईन, पण एक सांगा, तुमच्याच मिरच्या, तुमचेच धणे गिरणीत दळून घेतले तर मला स्वस्त पडतात. खाणाऱ्याला कळतं का, हातचा कुठला आणि गिरणीचा कुठला? कळत असेल तर मी हातचा घेतो. नसेल तर उगाच तुमचे हात कशाला दुखवू.

मला असा राग आला की मी त्याला चहा विचारायची राहिले. मी म्हटलं, लहान पोरालाही कळेल. शेठ म्हणाला, मग दाखवा. नारळी पौर्णिमेला बोटी बाहेर पडतात, त्यानंतर मसाल्याची मागणी वाढते, तोवर मला सांगा. आणि बायका ज्योत्स्नाकडे बघायला लागल्या, कारण घरात या कामाचं शिकलेली तीच होती. मीच तिला म्हटलं, तू कर, साबणाचं करतेस ना, मग आमचंही कर. हे तिने ओढवून घेतलं नव्हतं. मी सांगितलं म्हणून केलं.

तिने चाळीस घरं घ्यायचं ठरवलं. मी घरांची नावं सांगायला लागले, तर म्हणाली, अशी नाही, चिठ्ठ्या टाकून काढायची. मी म्हटलं, मुलीचं स्थळ ठरवतेस की लग्नाची पंगत, चिठ्ठ्या कशाला? ती म्हणाली, "आई, तुम्ही निवडाल ती घरं तुमच्यावर माया करणारी असतील. मला तुमच्याबद्दल विचारायचं नाही, मसाल्याबद्दल विचारायचंय." प्रत्येक घराला दोन पुड्या मिळणार होत्या, एक लाल दोऱ्याची, एक पिवळ्या दोऱ्याची; एकीत हातचा मसाला, दुसरीत गिरणीचा. एक आठवडा एक, दुसरा आठवडा दुसरी. कुठल्या दोऱ्यात काय आहे हे तिच्याशिवाय कोणालाही ठाऊक नसणार, मलासुद्धा नाही. शेवटी घरातल्या बाईने एवढंच सांगायचं, लाल बरी की पिवळी.

हिराबाईने विचारलं, चाळीसातल्या वीसाहून जास्त घरांनी आपला बरा म्हटला की जिंकलो का? ज्योत्स्ना नाही म्हणाली. मग तिने पडवीतच सगळ्याजणींना एक-एक रुपया दिला आणि चाळीस-चाळीस वेळा उडवायला लावला. मुसळं भिंतीला टेकवून आठ मोठ्या बायका रुपये उडवत बसल्या. कोणाचा छापा अठरा वेळा आला, कोणाचा एकवीस, हिराबाईचा पंचवीस. एकजण म्हणाली, हिचा छापा लय लागतो, हिलाच शेठकडं पाठवा. हसून हसून ठसका लागला सगळ्यांना. ज्योत्स्नाने त्यांना हसू दिलं आणि मग सांगितलं, बघा, रुपयाला काही चव नाही, तरी पंचवीस आले. तसंच, मसाल्यात काडीचा फरक नसेल तरी पंचवीस घरं आपल्याला बरं म्हणू शकतात. म्हणून सत्तावीस किंवा त्याहून जास्त घरं आली तरच मी शेठला सांगणार, फरक खरा आहे. आणि नाही आली तर? मी विचारलं. ती म्हणाली, "तर मसाला वाईट असं नाही. तर आपल्याला अजून माहीत नाही."

माहीत नाही. माझा खांदा ज्यात गेला, त्या मसाल्याबद्दल ही तळ्याची पोरगी सांगत होती की माहीत नाही. मला ते तेव्हाच खुपलं.

आणखी एक गोष्ट होती. शेठच्या मुदतीमुळे पहिला आठवडा पडत होता आषाढाच्या शेवटी आणि दुसरा श्रावणात. आषाढाच्या शेवटी आमच्याकडे घरोघर रस्सा शिजतो. खाडीची मासळी, सुकट, कोंबडी, जे मिळेल ते, कारण पुढे महिनाभर बहुतेक घरांत बंद. श्रावणात आमचा मसाला डब्यात पडून असतो. ज्योत्स्नाला हे कळत होतं. म्हणून तिने वहीत घरांचे दोन भाग केले, तेही चिठ्ठ्या टाकूनच. वीस घरांना लाल पुडी आधी, वीस घरांना पिवळी आधी. म्हणजे श्रावणाचा तोटा झालाच तर दोघांना सारखा होईल. हे तिने मला दोनदा समजावून सांगितलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं. फार चांगलं समजलं होतं.

पुड्या ती आतल्या खोलीत एकटी बांधत होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि दारातून पाहिलं. कांडपाच्या डब्याशेजारी पिवळ्या दोऱ्याचं रीळ होतं. तांब्या ठेवून मी परत फिरले. पुड्या वाटायच्या दिवशी तिला कचेरीत जावं लागलं आणि घरं मला ठाऊक, म्हणून वही माझ्या हातात देऊन ती पहाटेच रेवसला गेली. मी चाळीसच्या चाळीस घरांना पिवळी पुडी आधी दिली. लाल पुड्या श्रावणात वाटल्या. वहीत तिने आखलेल्या घरांपुढे बरोबरच्या खुणा केल्या, जणू तिच्या सांगण्यासारखंच सगळं केलं. कोणी मला शिकवलं नव्हतं. मला वाटत होतं, मसाला आमचाच चांगला आहे, मग निकाल त्याच्या बाजूने लागला तर त्यात खोटं ते काय...

तेहतीस घरं पिवळीला बरं म्हणाली, आणि पिवळीत आपलाच मसाला आहे हे ज्योत्स्नाने तेव्हा सांगितलं. पडवीत नुसता गोंधळ झाला. हिराबाईने ज्योत्स्नाच्या गालावरून हात ओवाळून बोटं मोडली, अशी सून सगळ्यांना मिळो म्हणाली. ज्योत्स्नाही हसत होती, पण मी तिला ओळखत होते. घासात खडा लागल्यासारखी मधेच थांबायची. दुसऱ्या दिवशी वही घेऊन बाहेर पडली. म्हणाली, बायकांनी वेळ दिला, त्यांना सांगून येते. ती गेली त्या वीस घरांकडे, ज्यांना लाल आधी मिळायला हवी होती. पहिल्याच घरातल्या बाईने फळीवरची लाल पुडी काढून दाखवली. दोऱ्याची गाठही सोडलेली नव्हती. श्रावण लागला ना, म्हणाली, पिवळी आखाडात संपली, छान होती, ही आता उघडू कधीतरी. ज्योत्स्ना सहा घरं फिरली. सहाही ठिकाणी तेच.

दुपारी ती स्वयंपाकघरात आली. मी तांदूळ निवडत होते. तिने आवाज चढवला नाही.

"आई, पिवळी सगळ्यांना आधी दिलीत?"

"दिली. मग?"

"मग काहीच कळलं नाही आपल्याला. हा निकाल श्रावणाने दिलाय, मसाल्याने नाही."

"म्हणजे आपला मसाला वाईट?"

"तसं मी म्हटलं नाही. चांगला असेलही. पण हे बघून मला तसं सांगता येणार नाही."

मी तिला सांगितलं की तू गप्प बस. शेठ वही उघडून बघणार नाही, आठ घरांच्या चुली आहेत यात, तुला काय, तुझा पगार मुंबईहून येतो. ती म्हणाली, श्रावण संपला की पुन्हा करू, मी शेठकडून मुदत मागून घेते, आणि मला खात्री वाटते आई, तुमचाच मसाला बरा निघेल. खात्री वाटते असं ती म्हणाली होती. एवढ्या वर्षांत मी ते कोणाला सांगितलं नाही, कारण ते सांगितलं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

शेठने मुदत दिली नाही. त्याने ज्योत्स्नाला विचारलं, घोळ कशात झाला? ती म्हणाली, पुड्या वाटण्यात, आणि चूक माझी आहे. शेठ म्हणाला, ज्यांना चाळीस पुड्या नीट वाटता येत नाहीत त्यांच्याकडून मी वर्षभराचा माल काय घेऊ. त्याने गिरणीवाल्याशी ठरवून टाकलं. तेहतीसचा आकडा त्याच्यापुढे टाकून ती गप्प राहिली असती, तर आठजणींना वर्षभराचं काम होतं. हे खरंच आहे. पण ते काम लबाडीचं होतं, आणि मी लबाडी केली नसती तर कदाचित सरळ मार्गानेही मिळालं असतं. सत्तावीस घरं आली असती का? मला वाटतं आली असती. माहीत नाही.

संध्याकाळी आठहीजणी अंगणात आल्या. ज्योत्स्ना पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, चूक माझी झाली. एवढंच. ती माझ्याकडे बघतही नव्हती. हिराबाई तिला नाही, मलाच बोलली, "शिकलेली सून आणलीत काकी. आठ चुली इझवल्या तिनं एका वहीत." सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. गप्प राहिले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी म्हटलं, "मला अडाण्याला काय ठाऊक तिच्या खात्यातलं. सांगेल तसं केलं."

हे वाक्य मी बोलले. पुन्हा एकदा वाचा हवं तर.

त्यानंतरची पाच वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे त्यांत मोठं असं काही घडलं नाही. उखळं पडवीत उलटी घालून ठेवली. चारजणी किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात भांडी घासायला गेल्या, हिराबाई आणि बाकीच्या बाजारात मासळी घेऊन बसायला लागल्या. ज्योत्स्नाला हळदीकुंकवाला बोलावणं येईना. लग्नात ती ज्या पंगतीत बसायची तिथली शेजारची बाई उठून दुसरीकडे जायची. ती रस्त्याने गेली की ओट्यावरचं बोलणं थांबायचं आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू व्हायचं. मी त्या ओट्यावर बसलेली असायची. मी काही बोलायचे नाही, पण उठायचेही नाही. घरात मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. माझीच चूक आणि मीच रुसलेली, असं चाललं होतं. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून राग येतो. मला ते कळायला पाच वर्षं लागली असं नाही, मला तेव्हाही कळत होतं.

शेवटचं इस्पितळात न्यायच्या आदल्या दिवशी ती बाजेवर बसून होती. दिनेश गाडी ठरवायला गेला होता. हाताच्या काड्या झालेल्या. मी तिला पेज दिली आणि तिथेच उभी राहिले. आणि विचारलं, तू कोणाला सांगितलं का नाहीस? तिने विचारलंही नाही की कशाबद्दल. मला वाटलं होतं, ती काहीतरी मोठ्या मनाचं बोलेल, आजारी माणसं बोलतात तसं. ती म्हणाली, "तुमच्यावर दया केली असं वाटत असेल तर तसं नाही आई. मला वाटलं होतं, तुम्हीच सांगाल. आधी वाटलं दोन दिवसांत. मग वाटलं, आठवड्याभरात. पुढे मी दिवस मोजायचं सोडून दिलं."

मी विचारलं, पेज अजून हवी का. ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना तिने मला नमस्कार केला, रीत म्हणून. आमच्यातलं शेवटचं बोलणं ते पेजेचंच.

तेराव्याला गावातल्या बायका आल्या, त्या आठहीजणी आल्या. चहा झाला. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात ते सगळं बोलून झालं, स्वभाव शांत होता, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मग हिराबाई बशी खाली ठेवून म्हणाली, "गेलेल्या माणसाला नावं ठिवू न्हाय. पण खरं ते खरं हाय काकी, तिनं आमच्या पोटावर पाय दिला आन् पोटाच्याच दुखण्यानं गेली. वर कुणीतरी बघतो." दोघीतिघींनी माना हलवल्या.

मी म्हटलं, वर बघणारा असता तर तिच्या जागी मी गेले असते. पुड्या मी फिरवल्या. त्यांना ते खरं वाटलं नाही. एकजण म्हणाली, दुःखानं बोलतेय काकी, पाणी द्या तिला. मी पाणी बाजूला सारलं. त्या खोलीत चाळीस घरांपैकी सात-आठ घरांतल्या बायका बसलेल्या होत्या. मी एकेकीला विचारत गेले, तुझ्या घरी पहिली पुडी कुठल्या दोऱ्याची आली होती? पहिली म्हणाली, पिवळ्या. दुसरीला विचारलं. पिवळ्या. तिसरीला नीट आठवत नव्हतं, पण लाल पुडी श्रावणात आली एवढं तिला पक्कं आठवत होतं, कारण ती तिने गणपतीनंतर उघडली. चौथी, पाचवी, सगळ्यांची तीच गत. मग मी हिराबाईला विचारलं, तुझ्या बहिणीचंही घर त्या चाळीसांत होतं, तिला काय आलं होतं? हिराबाईने खाली ठेवलेली बशी उगाच सरकवली. मी म्हटलं, "अर्ध्या घरांत लाल आधी जायला हवी होती. ज्योत्स्नाने तसं लिहून दिलं होतं. एका घरात तरी लाल आधी आली का सांगा. एका." मग मी सगळंच सांगितलं, दारातून बघितलेलं रीळ, वहीतल्या खोट्या खुणा, शेठकडे ती काय बोलली ते, आणि अंगणात मी काय बोलले ते तर त्यांनीच ऐकलं होतं.

हिराबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "पाच वर्सं आमच्या तोंडातनं बोलून घेतलंस व्हय गं." काकी म्हटलं नाही. एकेरीवर आली. मला ते योग्यच वाटलं. ती गेली, तिच्यामागे बाकीच्या गेल्या. कपांत चहा तसाच राहिला. दिनेश दारात उभा होता. त्याला हे आधी ठाऊक होतं की नव्हतं, मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याने कप गोळा केले.

मला हलकं वगैरे वाटलं नाही. मेलेल्या माणसाला सांगून काही मिळत नाही, जिवंतपणी सांगितलं असतं तर मिळालं असतं. पण आता गावात तिचं नाव घेताना बायका थांबतात, एवढा फरक पडला आहे. आणि तो योगायोगाने पडलेला नाही.

आता रोजचं सांगते. ज्योत्स्ना बाजारात मासळी आणायला दुपारी एक वाजता जायची. त्या वेळेला चांगली मासळी संपलेली असते. पाट्यांत राहते ती मऊ पडलेली, पोट फुटलेली. ती तीच घेऊन यायची आणि मी रोज तिला बोलायचे. डोंगराकडची, हिला डोळे बघून मासळी घेता येत नाही, सकाळी लवकर उठून जायला काय होतं, हे सगळं तिच्या तोंडावर बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वाजताच जायची.

तेराव्यानंतर मी सकाळी आठला बाजारात गेले होते. हिराबाईने माझ्यापुढून पाटी ओढून घेतली आणि फडक्याने झाकली. पलीकडचीने पाठ फिरवली. तिसरी म्हणाली, न्हाय विकायची. मी दोन दिवस तसा प्रयत्न केला. आता मी दुपारी एकला जाते. ऊन असतं, तेव्हा त्या सगळ्या घरी जेवायला गेलेल्या असतात, कोपऱ्यातली परगावची एक म्हातारी तेवढी उरलेली मासळी घेऊन बसते. मांदेलीही मिळते, पण बोट लावलं की आत जाते. मी घेते, घरी आणते, साफ करते. दिनेश न बोलता जेवतो.

ज्योत्स्नाने अशी पाच वर्षं काढली. माझा आज सत्ताविसावा दिवस आहे.